हातमोजा न काढता

सोमवार, सकाळचे नऊ. खिडकीबाहेर अजून रात्रच आहे,
ओउलूची, जानेवारीतली, उणे सव्वीस अंशांची.
आत कॉफीचं दुसरं भांडं
आणि भिंतीवर एकेचाळीस चिठ्ठ्या:
पिवळ्या, गुलाबी, कोपऱ्यात एक हिरवी,
जिचा अर्थ आता कोणालाच आठवत नाही
आणि जी फेकायचं धाडसही कोणाला होत नाही.

आम्ही बर्फ लोटणाऱ्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो.
कुठला रस्ता झाला, कुठला राहिला, खडी किती पडली.
बर्फ काही आमचा स्प्रिंट बघून पडत नाही.

"दोन आठवड्यांचं ध्येय," तेलेर्वो म्हणाली,
"एका वाक्यात."

आन्सेल्मीने लिहिलं:
नकाशा वेगवान आणि लॉगिन दुरुस्त
आणि अहवालाचं नवं पान आणि जमल्यास डार्क मोड.
तेलेर्वोने ते दोनदा वाचलं.
"हे ध्येय नाही, वाण्याची यादी आहे."
मग अंगठ्याने तिन्ही 'आणि' पुसले.
वाक्य जागच्या जागी कोसळलं.

इल्मो म्हणाला, कार्यक्षमता वीस टक्क्यांनी वाढवू.
कोणाची?
प्रणालीची.
"प्रणालीला थंडी वाजते का?"

मग कोणीच बोललं नाही.
इथे शांतता ही अडचण नसते,
आम्ही पाच जण, ती सहावी;
तिच्यासाठीही कोणीतरी कप मांडावा इतकी नेमाने येते.

होदान मात्र बुधवारी रात्री
वाप्पुच्या गाडीत बसून आली होती,
तीन ते सहा, पाय आखडून.
म्हणाली, प्रत्येक रस्ता संपला की वाप्पु
काच खाली करून कड बघते,
मग पडद्यावर 'झाला' दाबते.
पडद्याला हातमोजा कळत नाही.
म्हणून ती तो दातांनी ओढून काढते.
सेहेचाळीस रस्ते. सेहेचाळीस वेळा.
"शेवटी शेवटी ती नाकाने दाबत होती."

आन्सेल्मी हसला,
मग स्वतःच्या बोटांकडे बघत थांबला.

तेलेर्वोने लिहिलं, सावकाश:
चौदा दिवसांनी वाप्पुला हातमोजा काढावा लागणार नाही.

पत्ते पडले. पाच. आठ. पाच.
इल्मोचा तेरा.
"पडद्यावर हे होणार नाही.
स्टिअरिंगशेजारी एक जुनं तांबडं बटण आहे, त्याला जोडावं लागेल,
आणि त्याच्या वायरी कुठे जातात
हे कोणाच्या बापाला ठाऊक नाही."
तेरा तर तेरा.

मग चिठ्ठ्या उतरू लागल्या.
एक ना धड, भाराभर चिंध्या,
पण प्रत्येक चिंधी कोणीतरी जपलेली.
छत्तीस गेल्या. खालचा भिंतीचा रंग दिसला,
फिकट निळा; आम्ही तो विसरलोच होतो.
डार्क मोड माझा होता.
चार महिने मी तो प्रत्येक सोमवारी पुन्हा लावत आलो,
डिंक सुटला की टाचणी टोचून.
घडी करून खिशात ठेवला.
तुझी चिठ्ठी नको म्हणजे तू नकोस असं नाही,
हे मी स्वतःला जिन्यात दोनदा सांगितलं.

नवव्या दिवशी वायर सापडली,
दुसऱ्याच एका वायरीला वळसा घालून बसलेली.
तेराव्या दिवशी बटण दाबलं तर हीटर बंद झाला.
चौदाव्या पहाटे साडेचारला
वाप्पुचा निरोप आला, दोन ओळींचा:

बोटं आत राहिली.
पण टुईंग फार मोठं वाजतं, कुत्रं दचकतं.

गाडीत कुत्रं असतं?
आम्ही होदानकडे पाहिलं.
असतं, ती म्हणाली. सीटमागे झोपलेलं असतं.
मला वाटलं, त्याचा कामाशी काही संबंध नाही.

तेलेर्वो पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा शोधू लागली.